खेळाडूच्या पाठीशी कोण?

'खेळात राजकारण आणू नका' हा उपदेश नेहमी एकाच बाजूला केला जातो. ज्यांच्या हाती मैदान आहे, निवड समिती आहे, तिजोरी आहे, त्यांना तो कोणी करीत नाही. ज्याला वेशीबाहेर ठेवले तो तोंड उघडू लागला, की मात्र सर्वांना खेळाचे पावित्र्य आठवते. या उपदेशाला साऱ्या जगासमोर सडेतोड उत्तर देणारे अल्जेरियाचे फुटबॉलपटू रशीद मेखलूफी ८ नोव्हेंबर २०२४ रोजी वयाच्या ८८ व्या वर्षी गेले. चळवळीतल्या प्रत्येक तरुणाला हे नाव माहीत असले पाहिजे. कारण त्यांच्या कारकिर्दीत आपल्या चळवळीला विचारलेला एक रोखठोक प्रश्न आहे.

मेखलूफी यांचा जन्म १९३६ चा, सेतिफ या गावचा. ८ मे १९४५ रोजी युरोपातले महायुद्ध संपले आणि त्याच दिवशी सेतिफमध्ये स्वातंत्र्य मागणाऱ्या अल्जेरियन जनतेवर फ्रेंच सत्तेने गोळ्या झाडल्या. पुढच्या काही आठवड्यांत त्या भागात हजारो माणसे मारली गेली. रशीद तेव्हा आठ वर्षांचे होते. हाच मुलगा १९५४ साली फ्रान्समधल्या सेंत एतिएन क्लबचा आघाडीचा खेळाडू म्हणून भरती झाला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला अल्जेरियाच्या मुक्तियुद्धाला तोंड फुटले. १९५७ मध्ये सेंत एतिएनने फ्रान्सचे लीग विजेतेपद पहिल्यांदा जिंकले, त्यात मेखलूफी यांच्या गोलांचा मोठा वाटा होता. ते फ्रान्सच्या राष्ट्रीय संघातून खेळले. फ्रेंच लष्कराच्या संघाबरोबर जागतिक लष्करी स्पर्धाही त्यांनी जिंकली. १९५८ च्या विश्वचषकासाठी त्यांचे नाव चर्चेत होते. वय अवघे एकवीस. पैसा, टाळ्या, कीर्ती, सारे काही हात जोडून उभे होते.

आणि एप्रिल १९५८ मध्ये, विश्वचषक दोन महिन्यांवर असताना, मेखलूफी, मोनाको क्लबचे मुस्तफा झितूनी आणि त्यांचे अल्जेरियन सहकारी फ्रान्समधून गुपचूप बाहेर पडले. मेखलूफी त्या वेळी लष्करी सेवेत होते. म्हणजे नुसता क्लबचा करार मोडला एवढेच नव्हे, तर सैन्यातून पळाल्याचा गुन्हाही त्यांच्या माथी बसणार होता. स्वित्झर्लंड, इटली असे करीत ते ट्युनिसला पोहोचले. तिथे राष्ट्रीय मुक्ती आघाडीने अल्जेरियाचा फुटबॉल संघ उभा केला. देश अजून जन्मला नव्हता, पण त्याचा संघ, झेंडा आणि राष्ट्रगीत मैदानावर आले! जागतिक फुटबॉल महासंघाने या संघाला मान्यता नाकारली आणि त्याच्याशी खेळणाऱ्यांना कारवाईची धमकी दिली. तरीही हा संघ चार वर्षे पूर्व युरोप, अरब देश, चीन, व्हिएतनाम येथे खेळत राहिला. १९६१ मध्ये त्याने युगोस्लाव्हियासारख्या बलाढ्य संघाला ६-१ असे हरवले. जिथे वकिलात नव्हती तिथे फुटबॉलने वकिली केली.

१९६२ मध्ये अल्जेरिया स्वतंत्र झाला. ज्या गावाला सोडून ते गेले होते त्याच सेंत एतिएनला मेखलूफी परतले. १९६४, १९६७ आणि १९६८ अशी तीन लीग विजेतेपदे त्यांनी क्लबला मिळवून दिली. १९६८ च्या फ्रेंच चषकाचा अंतिम सामना त्यांच्याच दोन गोलांनी जिंकला आणि राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या उपस्थितीत तो चषक स्वीकारला. ज्या राजवटीने त्यांना फरारी ठरवले, तिलाच त्यांचा सन्मान करावा लागला. मान खाली घालून परतणाऱ्याला असा सन्मान मिळत नसतो. पुढे १९८२ च्या विश्वचषकात पश्चिम जर्मनीला २-१ ने धूळ चारणाऱ्या अल्जेरियन संघाच्या मार्गदर्शकांमध्येही ते होते. त्या वेळी पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांनी दोघांनाही सोयीचा निकाल लावून अल्जेरियाला स्पर्धेबाहेर काढले. प्रस्थापितांचे संगनमत कसे चालते हे आपल्याला कोणी शिकवायला नको!

आता आपल्या मातीकडे वळू. खेळाडूने स्वाभिमानासाठी संघ सोडण्याची गोष्ट महाराष्ट्रात अल्जेरियाच्या अडतीस वर्षे आधी घडली आहे. खेळ फुटबॉल नव्हता, क्रिकेट होता. चर्मकार समाजातले पालवणकर बंधू हे त्या काळातले अव्वल खेळाडू. थोरले बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखत गोलंदाज झाले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. मैदानात त्यांच्या बोटांची फिरकी हिंदू संघाला चालत होती. चहाच्या वेळी मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळत होता. कर्णधारपदाचा विषय निघाला की जात आडवी येत होती. १९२० साली चौरंगी सामन्यांच्या वेळी बाळूंना वगळले गेले आणि कर्णधारपदासाठी विठ्ठल यांनाही डावलले गेले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे दोघे बंधू संघातून बाहेर पडले आणि आपले म्हणणे त्यांनी वृत्तपत्रातून जाहीरपणे मांडले. अखेर हिंदू जिमखान्याला नमते घ्यावे लागले. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघ विजेता ठरला. 'माझे क्रीडा-जीवन' हे विठ्ठल यांचे आत्मचरित्र मराठीत आहे. आपल्या प्रत्येक वाचनालयात ते असायला हवे.

मेखलूफी आणि पालवणकर यांचा बाणा एकच. पण पुढची वाट वेगळी झाली. का?

मेखलूफी यांनी मैदान सोडले तेव्हा ट्युनिसमध्ये त्यांच्यासाठी घर होते, पगार होता, संघ होता, झेंडा होता. मुक्ती आघाडीने खेळाडूला नुसते 'त्याग कर' म्हणून सांगितले नाही. त्याच्या पोटाची आणि खेळाची जबाबदारी घेतली. १९२० साली पालवणकर बंधूंच्या पाठीशी असे काय होते? 'मूकनायक' त्याच वर्षी जानेवारीत सुरू झाले होते. सामने झाले तेव्हा बाबासाहेब शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला होते. बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन व्हायला अजून चार वर्षे होती. म्हणजे ते भाऊ आपल्या हिमतीवर, एकटे लढले.

त्याचे परिणाम इतिहासाने पाहिले. १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी बाळू दुसऱ्या गोटात होते. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांनाच मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात उभे केले. बाबासाहेब निवडून आले. बाळूंवर टीका करायची तर जरूर करावी. पण ती करताना एवढे विसरू नये, की आपला गुणवंत माणूस आपण सांभाळला नाही तर त्याला उचलून घ्यायला दुसरे टपलेलेच असतात. ते त्याचा सत्कार करतात, त्याला हार घालतात आणि वेळ येताच आपल्याच विरोधात उभा करतात.

हा १९३७ चा जुना हिशेब म्हणून सोडून देता येत नाही, कारण तोच प्रकार आज आपल्या दारात चालू आहे. बाळकुमचेच घ्या. गावठाण, पाडे, शेजारी कोलशेत, माजिवडा, कापूरबावडी. या पट्ट्यातले कारखाने बंद होत गेले आणि त्या जागांवर टोलेजंग संकुले उभी राहिली. संकुलाच्या आत खेळायला जागा आहे, पण फाटकावर पहारेकरी आहे. बाहेर टर्फ आहे, ते तासाच्या भाड्याने मिळते. ज्याचा बाप नाक्यावर उभा राहून रोजंदारी शोधतो आणि ज्याची आई चार घरची कामे करते, त्या पोराने भाडे कुठून भरायचे? मग एखाद्या पुढाऱ्याच्या नावाचा चषक येतो. पोरांच्या छातीवर त्याचा फोटो छापलेली जर्सी चढते. स्पर्धा संपते, निवडणूक संपते आणि पोरगा पुन्हा रस्त्यावर येतो. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलवर उभे करून दाखवले. नागराज मंजुळे यांच्या 'झुंड' मुळे २०२२ मध्ये ते घराघरांत पोहोचले. आपण टाळ्या वाजवल्या. आपल्या वस्तीत काय केले?

करण्यासारखे पुष्कळ आहे. शहराच्या विकास आराखड्यात क्रीडांगणासाठी भूखंड आरक्षित असतात. पण महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे, आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो, आणि ठरलेल्या मुदतीत पालिका हलली नाही तर आरक्षणच संपते. मैदान असे मुकाट्याने, कागदावर मरते. प्रभागातले आरक्षित भूखंड कोणते, त्यांची आजची स्थिती काय, हे माहितीच्या अधिकारात एका अर्जाने विचारता येते. प्रत्येक बुद्धविहाराने, प्रत्येक जयंती मंडळाने हा अर्ज करावा. जयंतीच्या वर्गणीतला ठरावीक हिस्सा चेंडू, बूट आणि प्रशिक्षकाच्या मानधनासाठी बाजूला काढावा. डीजेच्या भिंतीपेक्षा तो नक्कीच कमी खर्च आहे. आणि उद्या एखाद्या निवड चाचणीत आपल्या मुलाचे आडनाव विचारले गेले, तर त्याच्या बापाला एकट्याला तिथे भांडायला लावू नये. संघटनेने जावे, लेखी जाब विचारावा.

खेळाडूने समाजाशी इमान राखावे अशी अपेक्षा आपण जरूर करू. पण आधी चळवळीने त्याच्याशी इमान राखले पाहिजे. अल्जेरियाने हे केले म्हणून त्याला मेखलूफी मिळाले. आपल्या पोरांना मैदान मिळवून देण्याचे काम आपले आहे, आणि ते पुढच्या १४ एप्रिलची वाट न पाहता आजच हाती घ्यावे.