सांभाळायला दिलेले दागिने

सासर सोडून आलेली मुलगी निरोप धाडते, माझे दागिने द्या. उत्तर ठरलेलं असतं: आधी घटस्फोटाच्या कागदावर सही कर, मग बघू. मध्यस्थीला बसलेली वडीलधारी मंडळीही तिलाच समजावतात, 'जाऊ दे गं सोनं, मोकळी हो.' हा सल्ला अन्यायाचा आहे. तो ज्या समजुतींवर उभा आहे, त्यांतल्या बहुतेक कायद्यापुढे टिकत नाहीत.

लग्न होऊन ती घरात आली, म्हणजे तिने आणलेलं सगळ्यांचं झालं, ही त्यातली सर्वांत रुजलेली समजूत. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८२ साली जवळपास हाच कौल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये 'प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार' खटल्यात तो खोडून काढला. स्त्रीधनाची, म्हणजे तिला भेट मिळालेल्या दागिन्या-वस्तूंची, मालकीण एकटी ती स्त्री. नवरा किंवा सासू ते कपाटात ठेवतात ते विश्वासाने सोपवलेली ठेव म्हणून. मागितल्यावर ती ठेव दडपली, तर तो फौजदारी विश्वासघात. १९९७ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने यावर पुन्हा शिक्का मारला. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणून 'हा तुमचा घरगुती मामला, आपसात मिटवा' असं सांगून पोलीस ठाण्यातून परत पाठवणं चूक आहे.

कोणी परंपरेचा हवाला देतात. परंपराच पाहायची तर कात्यायनस्मृती पाहा. नवरा, मुलगा, बाप, भाऊ यांपैकी कोणालाही स्त्रीधनावर अधिकार नाही आणि कोणी बळाने ते वापरलं तर व्याजासकट परत करावं, असं ती सांगते.

'ते दागिने आमच्या घराण्याचे आहेत' या म्हणण्यात मात्र कधी कधी तथ्य असतं. पूजेपुरता गळ्यात घालायला दिलेला आणि संध्याकाळी काढून घेतलेला पिढीजात हार सुनेचा होत नाही. पण लग्नात सासरच्यांनीच तिला भेट म्हणून घातलेल्या पाटल्या तिच्याच. कोणी दिलं यापेक्षा कोणाला आणि काय म्हणून दिलं, हे महत्त्वाचं.

मग येतो हुकमी प्रश्न: पावत्या कुठे आहेत? इथे बायका हबकतात, कारण पावती वडिलांच्या नावाची असते आणि बऱ्याचदा तीही हरवलेली. केरळमधल्या माया गोपीनाथन यांचं प्रकरण यासाठी वाचायला हवं. ८९ पवन, म्हणजे सातशे ग्रॅमहून अधिक सोनं. पहिल्याच रात्री नवऱ्याने ते घेऊन 'जपून ठेवायला' आईकडे दिलं, असं त्यांचं म्हणणं. कुटुंब न्यायालयात त्या जिंकल्या, उच्च न्यायालयात हरल्या. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना २५ लाख रुपये देवविले. अशा दाव्यात फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा लागत नाही, एकंदर पाहता कोणाचं म्हणणं अधिक संभवनीय आहे ते बघायचं, हे त्या निकालाचं सार. आपल्याकडे तर पुरावे जागोजाग सापडतात. लग्न ठरताना दोन्हीकडच्या सह्यांनिशी केलेल्या याद्या, मुंडावळ्यांखालची ठुशी आणि तन्मणी स्पष्ट दिसणारे फोटो, सराफाच्या वहीतली नोंद, दागिने घडवताना सोबत गेलेली मावशी. हे गोळा करून दागिन्यांची वजनासह यादी करावी आणि स्पीड पोस्टाने लेखी मागणी करावी. मागितलं होतं आणि दिलं नाही, हे दाखवणारा तो कागद पुढे फार कामाचा.

'इतकी वर्षं गप्प का बसलीस?' याचंही उत्तर २०१५ मध्ये मिळालं आहे. कृष्णा भट्टाचार्जी यांचा अर्ज खालच्या न्यायालयांनी फेटाळला होता: न्यायिक विभक्ततेनंतर नातं उरलं नाही आणि मुदतही उलटली म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही कारणं नाकारली. स्त्रीधन अडकवून ठेवलेलं आहे तोवर तो गुन्हा चालूच असतो.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. दागिने ही तडजोडीतली रक्कम नव्हे. पोटगी, मुलांचा ताबा, घटस्फोट यांवर बोलणी व्हावीत, पण जे आधीच तिचं आहे ते देण्याच्या बदल्यात काही मागता येत नाही. याच न्यायाने माहेरच्यांनाही हात आवरावा लागतो. मुलगी हयात आणि सज्ञान असताना, तिने अधिकार दिलेला नसताना वडिलांना तिचं स्त्रीधन स्वतःच्या नावाने मागता येत नाही, असं ऑगस्ट २०२४ मध्ये तेलंगणाच्या एका प्रकरणात ठरलं. आम्ही सोनं घातलं म्हणून आम्हीच वसूल करू, हेही चालणार नाही.

कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. त्याच्या कलम १९ नुसार दंडाधिकारी स्त्रीधन परत करण्याचा आदेश देऊ शकतात, कलम १८ नुसार लॉकर उघडायलाच मनाई करू शकतात. अर्ज लिहून द्यायला संरक्षण अधिकारी असतात. लॉकरवरची मनाई मात्र पहिल्याच अर्जात, अंतरिम म्हणून मागावी. सोनं एकदा वितळवलं की ठुशी ओळखायची कशी?