हिरोची काळजी, भावाचा पहारा

"ताई, या पोरी अभ्यासिकेत बसून लव्हस्टोऱ्या वाचतात. तुम्ही काही बोलणार आहात की नाही?"

विहाराच्या कमिटीतल्या एका काकांनी मला हे विचारलं, तेव्हा त्यांच्या हातात एका मुलीकडून काढून घेतलेलं पुस्तक होतं. कॉलीन हूवर या अमेरिकन लेखिकेची 'इट एंड्स विथ अस' ही कादंबरी. फुटपाथवरची, दीडशे रुपयांची, पानं थोडी तिरकी छापलेली प्रत. काकांचं म्हणणं असं, की अभ्यासिका वस्तीच्या वर्गणीतून उभी राहिली. ती स्पर्धा परीक्षांसाठी आहे, बाबासाहेबांच्या ग्रंथांसाठी आहे. समोर बाबासाहेबांचा फोटो आणि खाली हे असलं वाचन?

खरं सांगायचं तर तेव्हा मलाही काकांचंच पटलं होतं. पण न वाचता पुस्तकाबद्दल बोलायचं नाही, एवढी शिस्त समाजशास्त्राच्या एम.ए.ने लावली आहे. "आधी वाचते, मग बोलते," म्हणाले आणि पुस्तक घरी आणलं. नंतर मुलींनीच आणखी चार-पाच दिली. काही फुटपाथवरची, काही मोबाईलवरच्या पीडीएफ. ती सगळी वाचून आणि मुलींशी बोलून माझं जे मत झालं, ते इथे मांडते आहे. ते काकांना आवडणार नाही. मुलींनाही सगळं आवडेल असं नाही.

पहिली गोष्ट, या मुली कोण आहेत ते बघा. सतरा ते एकवीस वर्षांच्या. बहुतेक मराठी माध्यमातल्या. कुणाची आई चार घरची धुणीभांडी करते, कुणाची सोसायटीत साफसफाईला जाते. यांच्या आज्यांना अक्षरओळख नव्हती. अशा घरातली मुलगी तीन-साडेतीनशे पानांचं इंग्रजी पुस्तक, कुणी सांगितलेलं नसताना, परीक्षेत मार्क मिळणार नसताना, डिक्शनरी उघडून वाचून संपवते. याचा आधी आनंद व्हायला हवा की नको? त्याच टेबलावर बसलेली मुलं तासन्‌तास मोबाईलवर रील्स बघतात. त्यांचा मोबाईल कमिटीने कधी काढून घेतल्याचं मला आठवत नाही.

आता पुस्तकांकडे येऊ.

'इट एंड्स विथ अस' २०१६ सालची. लिली नावाची तरुणी बोस्टनमध्ये फुलांचं दुकान काढते. राईल नावाच्या न्यूरोसर्जनच्या प्रेमात पडते, लग्न करते. लिलीचा बाप तिच्या आईला मारायचा. आपली आई त्याला सोडून का गेली नाही, हा लिलीचा लहानपणापासूनचा प्रश्न. आणि मग राईल तिला मारतो. माफी मागतो. पुन्हा मारतो. एकदा तर तिच्या मोबाईलच्या कव्हरमध्ये दुसऱ्या पुरुषाचा नंबर सापडतो म्हणून. शेवटी मुलगी झाल्यावर लिली त्याला विचारते, की उद्या आपली लेक तुझ्यासमोर येऊन म्हणाली, माझा नवरा मला मारतो, तर तू तिला काय सांगशील? आणि ती घटस्फोट घेते.

काकांनी 'लव्हस्टोरी' म्हणून काढून घेतलेलं पुस्तक हे आहे. मारणारा नवरा देखणा, शिकलेला, प्रेमळसुद्धा असू शकतो, आणि तरीही त्याला सोडायचं असतं, हे सांगणारं. हूवर यांनी आपल्या आईच्या आयुष्यावरून हे लिहिलं आहे. आमच्या वस्तीत मारहाणीच्या प्रकरणांत मी बायकांसोबत पोलीस चौकीत बसलेली आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ मध्ये आला. पण बाईला तो सांगायला गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "तसा स्वभावाने चांगला आहे हो." हे वाक्य कुठून येतं आणि कुठे नेतं, ते ही कादंबरी माझ्या एखाद्या शिबिरापेक्षा चांगलं समजावते. हे कबूल करायला मला कमीपणा वाटत नाही.

माझी तक्रारही आहे. लिलीला सोडून जाणं परवडतं. दुकान स्वतःचं, मैत्रीण पाठीशी, आणि कादंबरीच्या शेवटी जुना प्रियकर ॲटलस वाट बघत उभाच. माहेरचे "नांदून घे बाई" म्हणून परत पाठवतात, त्या बाईची गोष्ट इथे नाही. आणि बाजाराने तर कमालच केली. २०२३ च्या सुरुवातीला या कादंबरीवर रंग भरायचं पुस्तक काढण्याची घोषणा झाली. मारहाणीच्या गोष्टीत रंग भरायचे! वाचकांनी झोडपल्यावर लेखिकेने माफी मागून ते मागे घेतलं.

आता दुसरं पुस्तक. ॲना ह्वांग यांची 'ट्विस्टेड लव्ह', २०२१ ची. मुलींमध्ये सगळ्यात आवडतं हेच. ॲव्हा नावाच्या मुलीचा भाऊ परदेशी जाताना आपल्या मित्राला, ॲलेक्सला, सांगतो की माझ्या बहिणीवर लक्ष ठेव. ॲलेक्स श्रीमंत, थंड डोक्याचा, कुणापुढे न वाकणारा. तो शेजारी राहायला येतो आणि लक्ष ठेवता ठेवता तिच्या प्रेमात पडतो. ती कुणासोबत जाते, कुठे जाते, काय घालते, सगळ्यात त्याचं लक्ष. पुढे त्याचा खोटेपणा उघड होऊन ती दूर जाते, तर हा तिच्यामागे लंडनला जातो. आणि हे सगळं प्रेमाचा पुरावा म्हणून येतं.

आम्ही सात-आठ जणी यावर बोलत होतो. एक मुलगी म्हणाली, "पण ताई, किती काळजी घेतो तो तिची!" बाकीच्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली, एरवी कधी न बोलणारी मुलगी म्हणाली, "माझा भाऊ पण हेच म्हणतो. माझा मोबाईल चेक करताना. काळजी वाटते म्हणून."

त्यानंतर थोडा वेळ कुणी बोललं नाही.

माझा सगळा मुद्दा त्या एका वाक्यात आहे. घरचा भाऊ मोबाईल तपासतो, तेव्हा मुलीला राग येतो. तेच कादंबरीतला देखणा हिरो करतो, तेव्हा तिला गुदगुल्या होतात. काम दोघांचं एकच, शब्दही एकच: काळजी. आणि 'ट्विस्टेड लव्ह'ची सुरुवात तर बघा. एक भाऊ बहिणीवरचा पहारा दुसऱ्या पुरुषाकडे सोपवून जातो. पहारेकरी बदलला, पहारा तोच. तिला काय हवं, हे पहारा सोपवताना दोघांपैकी कुणी विचारत नाही.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या प्रेमकथेचा आणि आपल्या जातीच्या प्रश्नाचा काय संबंध? संबंध बाबासाहेबांनीच दाखवून ठेवला आहे. मे १९१६ मध्ये, वयाच्या पंचविशीत, कोलंबिया विद्यापीठात त्यांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, आणि तसं लग्न टिकवायचं तर बाईवर ताबा लागतो, हे त्यांनी त्यात मांडलं. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह ही त्याच ताब्याची साधनं. थोडक्यात, बाईवरचा पहारा ही जातीची तटबंदी आहे. आज सती नाही, पण मोबाईल तपासणं आहे, "कुणाशी बोलत होतीस" आहे, बारावीनंतर घाईने उरकलेलं लग्न आहे. १९५४ चा विशेष विवाह कायदा घ्या. जात-धर्म ओलांडून लग्न करायला त्याचा आधार मिळतो, पण त्यात तीस दिवसांची नोटीस जाहीर लावावी लागते. म्हणजे कायद्याच्या दारातही घरच्यांना खबर द्यायची सोय आहे. अशा देशात एखादी मुलगी पहाऱ्यालाच प्रेम समजायला शिकली, तर ती त्या तटबंदीतून बाहेर कशी पडणार? पाठलाग करणं हा आपल्याकडे २०१३ पासून गुन्हा आहे, हे तिला कादंबरीच्या नायकाबद्दलही आठवायला हवं.

मग आपल्याकडच्या इंग्रजी प्रेमकथा वाचाव्यात का? चेतन भगत यांची २००९ ची 'टू स्टेट्स' आमच्या अभ्यासिकेत पानं सुटेपर्यंत वाचली गेली आहे. पंजाबी मुलगा, तमिळ ब्राह्मण मुलगी, दोघं आयआयएम अहमदाबादचे, आणि आईबापांना पटवण्याची धडपड. वाचायला मजा येते. पण नीट बघा. भांडण भाषेचं आहे, खाण्याचं आहे, रंगाचं आहे, हुंड्याचं आहे. मुलगा आमच्यातला असता तर? हा प्रश्न त्या कादंबरीच्या उंबऱ्याशीसुद्धा येत नाही. तिथे नाराज आईबाप रुसतात आणि शेवटी मानतात. आमच्याकडे नाराज माणसं काय करतात, ते सोनईने २०१३ मध्ये आणि खर्ड्याने २०१४ मध्ये दाखवलं. खर्ड्यातला मुलगा सतरा वर्षांचा होता. आमच्या अभ्यासिकेत या कादंबऱ्या वाचणाऱ्या मुलींच्याच वयाचा.

तिसरं पुस्तक मात्र मी मुलींना स्वतःहून दिलं. अँजी थॉमस यांची 'द हेट यू गिव्ह', २०१७ ची. सोळा वर्षांची कृष्णवर्णीय स्टार काळ्यांच्या वस्तीत राहते आणि गोऱ्यांच्या खासगी शाळेत जाते. तिच्या डोळ्यांदेखत तिचा बालमित्र खलील पोलिसाच्या गोळीने मरतो. हातात शस्त्र नसताना. शाळेत ती वेगळी बोलते, वस्तीत वेगळी. शाळेतल्या गोऱ्या मित्रावर तिचं प्रेम आहे आणि ते तिने बापापासून लपवलं आहे. कॉलेजात आडनाव सांगताना अडखळणाऱ्या आमच्या मुलींना ही स्टार समजावून सांगावी लागली नाही. बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ चं. ते नाव ऐकल्यावर एक मुलगी म्हणाली, "म्हणजे स्टार शाळेत जात चोरते." अगदी बरोबर.

या कादंबरीतही प्रेम आहे, रुसवेफुगवे आहेत, विनोद आहेत. पण लेखिका तिला जगातून उचलून परीकथेत ठेवत नाही. पोलिसावर खटला उभा राहत नाही. तरीही स्टार साक्ष देते, रस्त्यावर उतरते, बोलते. प्रेमकथा आणि व्यवस्थेची गोष्ट एकाच पुस्तकात, सोळा वर्षांच्या मुलीच्या भाषेत लिहिता येते, हे थॉमस यांनी दाखवून दिलं.

आपल्याकडे हे पडद्यावर झालं, २०१६ मध्ये, 'सैराट'मध्ये. शेवट सगळ्यांना आठवतो. मला हैदराबादचा भागही तेवढाच महत्त्वाचा वाटतो, जिथे परशा आर्चीवर संशय घेतो आणि तिच्यावर हात उचलतो. नागराज मंजुळेंनी आपल्या नायकालाही सोडलं नाही. जात ओलांडून आलेला मुलगासुद्धा घरात पहारेकरी होऊ शकतो, हे त्यांनी दाखवलं.

आणि इथे आपण स्वतःकडेही बघायला हवं. ज्या भावाने बहिणीचा मोबाईल तपासला, तो चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत पुढे असतो. आंतरजातीय विवाह हा जात मोडण्याचा खरा उपाय, हे 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मधलं प्रतिपादन तो भाषणात सांगतो. त्याला अपेक्षा असते, की दुसऱ्या जातीतल्या मुलीने घरचा पहारा तोडून यावं. स्वतःच्या बहिणीने उंबरा ओलांडला की मात्र त्याला समाजाची अब्रू आठवते. आपल्यातही पोटजात विचारून स्थळं ठरतात, हे काय मी सांगायला हवं? पहारा त्यांच्या वाड्यावर असला की सरंजामी आणि आपल्या चाळीत असला की काळजी, असा हिशेब चालणार नाही.

म्हणून काकांना माझं उत्तर असं आहे. पुस्तक काढून घेणं हाही पहाराच आहे. मुलगी काय वाचते यावर कमिटीने लक्ष ठेवायचं आणि त्यालाही काळजीच म्हणायचं, तर आपण त्या ॲलेक्सपेक्षा वेगळे कसे? वाचू द्या. पण एकटं सोडू नका. सोबत बसा, तेच पुस्तक वाचा आणि विचारा: हा माणूस तिला विचारतो का, तिचं 'नाही' ऐकतो का? आणि या प्रेमाची किंमत कोण मोजतं?

आणि लिहिणाऱ्यांनाही सांगणं आहे. आपल्या साहित्याने वेदना सांगितली, भूक सांगितली, बंड सांगितलं. पण आपल्या सतरा वर्षांच्या मुलीला प्रेम कसं होतं, ती आडनाव कधी सांगते, घरी काय लपवते, हे तिच्या भाषेत सांगणाऱ्या किती कादंबऱ्या आपण तिच्या हातात ठेवल्या? तिला बोस्टन आणि लंडनला जावं लागतं, कारण वस्तीत तिची गोष्ट तिला सापडत नाही.

ते काढून घेतलेलं पुस्तक मी त्या मुलीला परत दिलं. तिने ते वाचून अभ्यासिकेला दिलं. रजिस्टरमध्ये त्याची नोंद मी स्वतः केली आहे. पुढच्या रविवारी कमिटीची बैठक आहे, तिथेही मी हेच बोलणार आहे. मोबाईलबद्दल बोलणारी ती मुलगीसुद्धा येते म्हणाली आहे. भाऊ सोडेल की नाही, माहीत नाही.

जय भीम.