ग्रंथ, घर आणि श्रद्धा

मद्रासेतील, म्हणजे आजच्या चेन्नईतील, चेंचय्या, चक्कराई प्रभृती ख्रिस्ती विचारवंतांनी १९३८ मध्ये ‘रीथिंकिंग ख्रिश्चॅनिटी इन इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. भारतीयाच्या ख्रिस्तश्रद्धेने पाश्चात्त्य चर्चची चौकट का वाहावी, हा त्यांचा प्रश्न मर्मग्राही होता. परंतु त्याचे उत्तर केवळ तत्त्वचर्चेतून मिळणारे नव्हे.

श्रद्धेला देशी रूप द्यावयाचे, तर देशातील काय स्वीकारावयाचे? याच मद्रासेतील वेपेरीच्या चर्चमध्ये एकोणिसाव्या शतकात जातवार आसनांचा वाद माजला होता. १८३३ मध्ये बिशप विल्सन यांनी चर्चमधील जातिभेद बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा त्याला विरोध करणारेही ख्रिस्तीच होते. बायबल घरात आले होते. जात घराबाहेर गेली नव्हती.

या संदर्भात टिळक दांपत्याचा संसार विचारार्ह ठरतो. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. टिळकांनी ख्रिस्तभक्तीला अभंग-कीर्तनाची वाट खुली केली, हे सर्वमान्यच आहे. तथापि मधल्या पाच वर्षांचे मोल अधिक. सोवळे जपणाऱ्या लक्ष्मीबाईंनी, जातिभेद मानवनिर्मित आहे, हा निर्णय पतीच्या आज्ञेने नव्हे, तर स्वतःच्या विचाराने घेतला; ‘स्मृतिचित्रे’ त्याची साक्ष देतात. टिळकांचे अपुरे ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ पुढे त्यांनीच पूर्णत्वास नेले.

ओवी स्वीकारणे आणि पंक्तिभेद नाकारणे, ही दोन्ही कार्ये एकाच श्रद्धेची होत. शास्त्रवचन मुखोद्गत असणे निराळे. ते घरच्या पंगतीत उतरणे निराळे.