ढालीसाठी उसने वीर
तंजावरास बदलून आलेले आपले अधिकारी एकत्र जमले, की सरस्वती महालाचे कौतुक संपल्यावर गोष्ट १९८८च्या हॅरिस ढाल सामन्यावर येते: शारदाश्रमाचे तेंडुलकर आणि कांबळी, सेंट झेवियरविरुद्ध ६६४ धावांची अभेद्य भागीदारी! पराक्रम निःसंशय थोर. परंतु तिला दोन शाळांची चुरस म्हणावयाचे काय? तेंडुलकर मूळचे वांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कूलचे. आचरेकरांच्या सल्ल्याने, क्रिकेटसाठीच, त्यांनी शाळा बदलली. गुणी मुलाने संधी शोधावी, गुरूने शिष्य हेरावा, यात गैर काहीच नाही. गैर आहे ती खाजगी शाळांनी त्यावरून उचललेली रीत: गडी बाहेरून आणावयाचे, वर्गातल्या मुलांनी टाळ्या पिटावयाच्या, आणि ढाल मुख्याध्यापकांच्या कपाटात मिरवावयाची!

याची झळ फिरतीच्या नोकरदारास अधिक. ऐन सत्रात इथल्या शाळेत दाखल झालेल्या आपल्या मुलास तमिळ येत नाही. त्याला आपलेसे करणारी जागा मैदानच. प्रतिस्पर्धी शाळेविरुद्ध एक झेल टिपला, की तो त्या शाळेचा झाला. तेथेही तयार खेळाडूंचीच भरती असेल, तर त्याने कोठे जावे? प्रवेशाच्या दिवशी आपण निकालाची टक्केवारी विचारतो. संघातले किती गडी खेळापुरते आणलेले आहेत, हेही विचारावे.