यात्रा श्रद्धेची, हिशेब श्वासाचा

वैशाख उजाडला की महाराष्ट्रातील घराघरांत केदारनाथचे बेत शिजू लागतात. आयुष्यभर संसाराचा गाडा ओढलेल्या आईवडिलांना मुलगा-सून हौसेने यात्रेला पाठवितात. चालवणार नाही म्हणून हेलिकॉप्टरचे तिकीट काढतात. या साऱ्या तयारीत एक गोष्ट मात्र बहुधा झाकली जाते : वडिलांचा जुनाट श्वसनविकार, किंवा चुलीच्या धुरात हयात काढलेल्या आईला जिना चढताना लागणारी धाप. ती झाकणारी असतात ही वडीलधारी मंडळीच. ‘देवाने बोलावले आहे, तोच नेईल’ हे त्यांचे उत्तर ठरलेले. ही श्रद्धा वंदनीय खरी. पण शरीराचे सत्य लपविणे हा श्रद्धेचा भाग कधीपासून झाला?

केदारनाथ ३,५८३ मीटर उंचीवर आहे. तेथील हवेतही प्राणवायूचे प्रमाण मुंबईइतकेच, म्हणजे सुमारे २१ टक्के असते. मात्र हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहूनही कमी असल्याने प्रत्येक श्वासागणिक मिळणारा प्राणवायू घटतो. निरोगी माणूस जलद व खोल श्वास घेऊन ही तूट बऱ्याच अंशी भरून काढतो. ज्याच्या श्वासनलिका वर्षानुवर्षांच्या विकाराने अरुंद झाल्या आहेत, त्याच्याजवळ ही गंगाजळीच नसते. शिवाय प्राणवायू कमी पडला की फुप्फुसांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो.

हेलिकॉप्टर पायांचे कष्ट वाचविते, फुप्फुसांचे नव्हे. काही मिनिटांत ते सुमारे दोन हजार मीटर वर नेते आणि शरीराला उंचीशी जुळवून घेण्याची उसंतच उरत नाही. सोबत घेतलेला प्राणवायूचा छोटा डबा थोड्याच मिनिटांत रिता होतो.

अमरनाथ यात्रेतील मृत्यूंची सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्वतःहून दखल घेतली. पुढे तेथे अधिकृत डॉक्टरांचे आरोग्य प्रमाणपत्र सक्तीचे झाले. कैलास-मानसरोवराच्या यात्रेकरूंचीही दिल्लीत कसून तपासणी होते. हे नियम भाविकांची अडवणूक नव्हेत. तरीही ओळखीच्या डॉक्टरांकडून न तपासता सही मिळविणारे आणि मुखदाक्षिण्यापोटी ती देणारे, दोघेही यात्रेकरूच्या जिवाशी खेळत असतात.

याचा अर्थ श्वसनविकार असलेल्या प्रत्येकाने घरीच बसावे असा नाही. दमा आटोक्यात असेल, तर वैद्यकीय सल्ल्याने, मुक्काम वाढवीत, नेहमीची औषधे जवळ बाळगून अनेकांना जाता येते. फुप्फुसांची क्षमता आणि रक्तातील प्राणवायू निघण्यापूर्वीच तपासून घ्यावा. मात्र सपाटीवर विश्रांती घेतानाही ज्यांचा प्राणवायू कमी असतो, त्यांना डॉक्टर ‘नको’ म्हणाले, तर तो शब्द मानावा.

वृद्ध, बालक आणि रुग्ण यांना व्रतनियमांत सवलत देणारी आपली परंपरा आहे. मग यात्रेपुरतीच ही हटवादी कठोरता कशासाठी? बारा ज्योतिर्लिंगांपैकी अकरा अशा ठिकाणी आहेत, जेथे उंचीमुळे श्वास कोंडत नाही. सोमनाथ, रामेश्वर, काशी येथेही तोच महादेव आहे. आईवडिलांना तिकीट देण्याआधी मुलाने त्यांना एकदा छातीच्या डॉक्टरांकडे न्यावे. पुत्रधर्माची सुरुवात तेथूनच होते.