दोनशे रुपयांचा ‘स्कॅम’

‘स्कॅम’ हा शब्द बॅकपॅकर लोकांकडून काही वर्षांसाठी काढून घ्यावा, असं माझं मत झालं आहे. सुरुवात माझ्यापासून करायला हरकत नाही.

थायलंडच्या च्यांग खोंगहून पूल ओलांडला की लाओसमधलं ह्वे साय लागतं. तिथून लुआंग प्रबांगला मेकाँगमधून बोट जाते. प्रवास दोन दिवसांचा, मधला मुक्काम पाकबेंगला. लांबलचक लाकडी बोट, जुन्या गाड्यांमधून काढून ठोकलेल्या सीटा आणि मागच्या टोकाला असं इंजिन, की शेजारी बसलेल्याला ते झोपेतही ऐकू येतं. २०२५च्या जानेवारीत मी आणि बायको असे आलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोट लागली ती गावापासून दहाएक किलोमीटर अलीकडे. पायऱ्या चढून वर गेलं की तिकिटाचं टेबल, आणि सामायिक टुकटुकचा ठरलेला दर : माणशी ५०,००० किप. म्हणजे साधारण दोनशे रुपये.

बोटीतल्या सगळ्यांनी आधीच वाचून ठेवलं होतं. पूर्वी बोट थेट गावात लागायची. हा घाट मुद्दाम लांब नेला, टुकटुकवाल्यांचं पोट चालावं म्हणून. स्कॅम! मी इंजिनिअरिंगसाठी पुण्यात आलो तेव्हापासून रिक्षावाल्यांशी भांडण्याची तालीम झालेली. पुढारीपण आपोआप माझ्याकडे आलं. मी वीस मिनिटं हुज्जत घातली. टेबलामागचा मुलगा दर लिहिलेल्या पाटीवर बोट ठेवत राहिला. टुकटुक भरल्याशिवाय निघत नाही, त्यामुळे आधी बसलेले सात-आठ जण अंधार पडताना माझं भाषण ऐकत होते. शेवटी बायकोने पैसे दिले आणि बसल्यावर म्हणाली, ‘‘पुण्यात भांडतोस तेव्हा निदान समोरच्याला उलट बोलता तरी येतं.’’

यावर बॅकपॅकरांचं ठरलेलं उत्तर असतं : प्रश्न पैशांचा नाही, तत्त्वाचा आहे. बरं, तत्त्व तपासू. परदेशी माणसाकडून जास्त घेणं वाईट? अजिंठ्याच्या खिडकीवर भारतीयाला ४० रुपये आणि परदेशी पाहुण्याला ६००. सार्क आणि बिमस्टेक देशांच्या नागरिकांना आपलाच दर लागू आहे, म्हणजे थायलंडचा माणूस ४० रुपयांत आत जातो. लाओस बिमस्टेकमध्ये नाही. तो टेबलामागचा मुलगा कधी अजिंठ्याला आलाच, तर त्याला ६०० पडतील, आणि आपण त्याला स्कॅम म्हणणार नाही, ‘धोरण’ म्हणू.

आणि समजा घाट खरोखरच टुकटुकवाल्यांसाठी लांब नेला असेल, तर? प्रवाशांच्या पैशांतला थोडा वाटा हॉटेलवाल्यांच्या आधी चालकांना मिळावा, असं एखाद्या गावाला वाटलं तर त्यात फसवणूक कुठे आहे? दर पाटीवर आहे, सगळ्यांना सारखा आहे. माझ्या नोकरीत तर एवढीही पारदर्शकता नाही. माझ्या एका तासाचे क्लायंट किती डॉलर मोजतो हे मला कोणी सांगत नाही. माझा पगार दोन चलनांतल्या फरकावर उभा आहे, आणि त्याच फरकाच्या जिवावर मी लाओसला ‘स्वस्त’ म्हणतो. २०२१च्या मध्यात डॉलरला साडेनऊ हजारांच्या आसपास किप मिळायचे, आता एकवीस हजारांच्या वर मिळतात. या देशात पेट्रोल-डिझेल बाहेरून येतं. म्हणजे आमची सहल जितकी स्वस्त झाली, तितकी त्या चालकाची टाकी महाग झाली.

पण मला खरी लाज वाटली ती नंतर. ह्वे साय ज्या बोकेओ प्रांतात आहे, त्याच प्रांतात गोल्डन ट्रँगल नावाचं विशेष आर्थिक क्षेत्र आहे. संगणकावरच्या नोकरीचं, कस्टमर सपोर्टचं आमिष दाखवून भारतातली मुलं तिथे आणली गेली, पासपोर्ट काढून घेतले गेले आणि ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपली गेली. २०२४च्या ऑगस्टमध्ये आपल्या दूतावासाने एका खेपेत ४७ जणांना सोडवलं. ही बातमी मी तेव्हा वाचली होती. आम्ही त्या प्रांतातून पाठीवर अकरा किलोची बॅग घेऊन, व्हिसा ऑन अरायव्हलचा शिक्का मिरवत गेलो. कॉलेज संपल्यावर आठ महिने घरी बसलो होतो तेव्हा परदेशातल्या डेटा एंट्रीची असली जाहिरात माझ्याकडेही आली असती, तर मी अर्ज केला असता. दोन दिवसांच्या बोटीत स्कॅम हा शब्द मी बहुधा पन्नासदा ऐकला. त्या मुलांबद्दल एकदाही नाही. मीही काढला नाही विषय.

(खऱ्या लबाड्या प्रवाशांशीही होतात, मान्य. खोट्या व्हिसा-खिडक्या, फिरवलेले मीटर. त्यांना शिव्या घालाच. माझं भांडण लिहिलेल्या दराला शिवी देण्याशी आहे.)

त्या रात्री सामान टाकून आम्ही जेवायला बाहेर पडलो. एका एसी कॅफेत मी कॉफी घेतली. मेनूवर ४५,००० किप छापलं होतं. मी मुकाट्याने दिले, वर सुटे पाच हजार टिपच्या बरणीत टाकले. बायकोने बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काही बोलली नाही.

सकाळी टुकटुकने स्टेशनवर जायचं होतं. दर मी विचारला नाही; तिने विचारला.