काका-मामांचा हिशेब

व्हॉट्सअ‍ॅपवर एक ढकलपत्र दर दोन-तीन महिन्यांनी फिरून येतं. इंग्रजांकडे एकच अंकल आणि एकच आंटी; आपल्याकडे काका, मामा, आत्या, मावशी सगळे वेगळे; म्हणून आपली नाती खोल आणि त्यांची उथळ! मी पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, भाषेचा अभिमान मलाही आहे. पण हा हिशेब मला साफ नामंजूर आहे.

माझा भाचा बोटीवर असतो. बरोबरचे निम्मे लोक फिलिपिनो, त्यामुळे त्याला टागालोग थोडीफार येते. सुट्टीवर आला की मी त्याच्याकडून शब्द काढून घेते. (मास्तरकीची खोड!) तिकडे मुलगा असो की मुलगी, शब्द एकच, 'अनाक'. भाऊ-बहीण, कुणीही असो, 'कापातिद'. नवऱ्यालाही 'आसावा' आणि बायकोलाही 'आसावा'. तो आणि ती हा भेदसुद्धा नाही, दोघांना 'सिया'. काका-मामांना मिळून 'तितो', तोही स्पॅनिशमधून घेतलेला. मान आहे तो वयाला: थोरला भाऊ 'कुया', थोरली बहीण 'आते', आणि शेंडेफळ 'बुन्सो'.

ढकलपत्राच्या न्यायाने ही माणसं कोरडी ठणठणीत हवीत. आणि यांच्याच आया हाँगकाँगला दुसऱ्यांची मुलं सांभाळून स्वतःच्या मुलांच्या फिया भरतात! २००० साली 'अनाक' याच नावाचा एक चित्रपट आला, तो अशाच एका आईचा. तिथल्या हिलिगायनोन भाषेत 'इली-इली' ही जुनी अंगाई आहे. तिच्यातही आई घरी नाही, पाव आणायला गेली आहे आणि बाळाला निजवणारं दुसरंच कुणी आहे. अर्थ कळल्यावर मी बराच वेळ गप्प होते.

फ्रेडी आगिलारचं १९७८ सालचं गाणंही 'अनाक'च. रात्री जागवणारे आईबाप, पुढे वाया गेलेलं मूल, त्याचा पश्चात्ताप. भाच्याकडून अर्थ समजून घेऊन ते मराठीत करायला बसले आणि सुरुवातीलाच अडले. जन्माला 'आलास' की 'आलीस'? मूळ गाण्याला ते सांगायची गरजच पडत नाही. माझ्या समृद्ध मराठीत मात्र ते ठरवल्याशिवाय क्रियापद पुढे सरकेना.

तिकडे मुलगा-मुलगी भेद मुळीच नाही असं मी म्हणत नाही. शब्द मोजून माणसांना मार्क देऊ नयेत, एवढंच म्हणते. 'मूल' हा शब्द आपल्याकडेही आहे की! नपुंसकलिंगी, शहाणा. पण "मुलं किती?" "दोन." इथे कुणी थांबतं का? लगेच पुढचा प्रश्न, "काय काय?"

एका लग्नात मला असंच विचारलं आणि मी म्हणाले, "दोन्ही मुलीच." थोरली शेजारीच बसली होती, नऊ वर्षांची. घरी आल्यावर तिने विचारलं, "आई, 'च' कशाला लावलास?"

'च' हे शुद्ध शब्दयोगी अव्यय आहे, हे मी तिला सांगू शकले असते. दुसरं काही सुचलं नाही. मी कुकर लावायला उठले.